बंब बदलण्याआधी



१६ जानेवारी २०२३ रोजी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. केंद्र आणि राज्य सरकारं, महापालिका, नगरपरिषदा, सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षं भरली की संपेल आणि तिचं नूतनीकरण होणार नाही, असा नियम तिने केंद्रीय मोटार वाहन नियमांत घातला. १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. देशाच्या संरक्षणासाठी आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी लागणाऱ्या विशेष वाहनांना त्यातून सूट मिळाली. आग विझवणाऱ्या गाड्यांचा उल्लेख त्या सुटीत नाही.

आपल्यासारख्या साठ-सत्तर हजार वस्तीच्या गावात एकच मोठा बंब असतो. तो पंधरा वर्षांचा झाला की काय करायचं, हा प्रश्न या नियमामुळे टाळता येईनासा झाला. त्याआधी तो टाळता येत होता, आणि आपण तो टाळत होतो. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्याआधीची काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासकच कारभार पाहत होते. आता लोकांनी निवडलेली मंडळी पुन्हा सभागृहात बसली आहेत आणि हा विषय त्यांच्या टेबलावर आहे. म्हणून आज मी त्यावर बोलायला उभा आहे.

मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवली. पंप हा माझा आवडीचा विषय. त्यामुळे सभेतल्या वादाकडे माझं लक्ष एका वेगळ्या जागी जातं. सभेत गाडीच्या वयावर बोललं जातं, किमतीवर बोललं जातं, अनुदानावर तर फारच बोललं जातं. गाडीच्या पंपावर मात्र कोणी बोलत नाही. मला सगळ्यात आधी तेच सांगायचं आहे.

बंब रोज फारसा चालत नाही. त्याच्या किलोमीटरच्या आकड्याकडे पाहिलं तर कोणालाही वाटेल की गाडी अजून नवीच आहे. पंधरा वर्षांत तीस-चाळीस हजार किलोमीटर म्हणजे एखाद्या एसटीच्या दृष्टीने काही महिन्यांचं काम. पण एसटी धावते तेव्हाच तिचं इंजिन झिजतं. बंबाचं इंजिन गाडी जागेवर उभी असताना झिजतं. गिअरबॉक्सला जोडलेल्या पीटीओ नावाच्या यंत्रणेतून इंजिनाची ताकद पंपाकडे जाते, आणि एखाद्या जिनिंग मिलला आग लागली तर ते इंजिन सहा-सात तास एकाच जागी, जास्त फेऱ्यांवर, समोरून वारा न मिळता, आगीच्या धगीत चालत राहतं. मीटरवर एक किलोमीटरही पडत नाही. वाहनांचे मोठे ताफे सांभाळणारे लोक ढोबळमानाने उभ्या इंजिनाचा एक तास म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर धरतात. बंब विकत घेताना त्यावर तासांचं मीटर असतं, पण बंद पडलेलं ते मीटर दुरुस्त करून घ्यायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. तासांची नोंद नसेल तर या गाडीचं खरं वय आपल्याला माहीतच नाही.

दुसरीकडे, काही भाग वापराविनाच म्हातारे होतात. बंबाची टाकी सदैव भरलेली असते, असायलाच हवी. साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन वजन दिवस-रात्र, सणासुदीला, पावसात आणि उन्हात त्याच स्प्रिंगांवर. मालट्रक संध्याकाळी रिकामा होतो, बंब कधीच होत नाही. जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या, त्या आतून गंजतात. गंजाचे पापुद्रे पाण्याबरोबर पंपात जातात आणि त्याच्या फिरत्या चाकाच्या, म्हणजे इंपेलरच्या, पात्यांना खातात. टाकीच्या आत पाण्याला आडव्या घातलेल्या पत्र्यांचे वेल्ड सुटले, तर वळणावर साडेचार टन पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी कलंडण्याची भीती राहते. टायरची नक्षी शाबूत दिसते पण रबर कडक होऊन तडकलेलं असतं. होज पाइप घड्यांवर कुजतात. बॅटरी नेमकी हवी तेव्हा उतरलेली असते.

आणि पंप. आपल्याकडच्या नेहमीच्या मोठ्या बंबाचा पंप सात किलो दाबाला मिनिटाला २,२५० लिटर पाणी फेकेल अशा क्षमतेचा असतो. हा आकडा लक्षात ठेवा आणि टाकी आठवा: साडेचार हजार लिटर. पंप पूर्ण ताकदीने चालवला तर टाकी दोन मिनिटांत रिकामी! एकच होज, मोठ्या नोझलने, मिनिटाला साडेचारशे लिटर सोडत धरला तर दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत पुढचं पाणी आलं पाहिजे. टँकरने येईल, हायड्रंटमधून येईल किंवा विहिरीतून ओढावं लागेल. विहिरीतून ओढायचं तर पंपाला आधी स्वतःमधली आणि सक्शन होजमधली हवा बाहेर काढून पोकळी करावी लागते. या कामाला प्रायमिंग म्हणतात. पंपाच्या दांड्याभोवतीची ग्लँड झिजली असेल, कुठे बारीक चीर असेल, सक्शनच्या जोडातला वॉशर वाळला असेल, तर पोकळी धरत नाही. पंप घुमतो, आवाज करतो, पाणी वर येत नाही. टाकीतल्या पाण्यावर हाच पंप व्यवस्थित चालतो, कारण टाकी त्याच्या बरोबरीच्या उंचीवर असते. म्हणून पाण्याची फवारणी दाखवून केलेल्या प्रात्यक्षिकाने या पंपाचं आरोग्य कळत नाही.

इथे एक गोष्ट आपल्या भूगोलाचीही आहे. वातावरणाचा दाब समुद्रकाठी पाण्याला जेमतेम सव्वादहा मीटर वर ढकलतो. दख्खनच्या पठारावर त्याहून थोडं कमी. गळती आणि घर्षण वजा जाता चांगला पंपही सात मीटरच्या खालचं पाणी ओढेल याची खात्री धरता येत नाही. सात मीटर म्हणजे तेवीस फूट. आता मला सांगा, आपल्या गावातल्या कोणत्या विहिरीचं पाणी एप्रिल-मे महिन्यात तेवीस फुटांच्या आत असतं? आग सर्वांत जास्त लागते त्या महिन्यांत आपल्या विहिरी बंबाच्या आवाक्याबाहेर गेलेल्या असतात. एक कोटीचा नवा बंब आणला तरी निसर्गाचा हा नियम बदलणार नाही. विहिरीत उतरवता येणारा पाणबुडी पंप आणि काठावर बंबाच्या मापाचा ६३ मिलिमीटरचा जोड लागेल. त्याचा खर्च बंबाच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे. बंबाच्या ठरावाबरोबरच तो ठराव झाला पाहिजे.

आता हा बंब करतो काय, तेही पाहू. वर्दी आली म्हणजे घराला आग लागली, असं आपण समजतो. गावाच्या बंबाच्या वर्दी-नोंदवहीचं पान उघडा. उसाच्या फडाला लागलेली आग, तारांच्या ठिणगीने. कडब्याची गंजी. गोठा. कचरा डेपोतला धूर, जो आठ-आठ दिवस धुमसतो. गॅस सिलिंडरची गळती. रस्त्यावर कलंडलेला टँकर. विहिरीत पडलेली म्हैस. झाडात अडकलेला माणूस. यातल्या कित्येक जागा नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, वीस-पंचवीस किलोमीटर दूर असतात. ग्रामपंचायतींकडे बंब नाही, म्हणून गावचा बंब जातो. गेलाच पाहिजे. माणूस जळत असताना हद्द विचारणं हे पाप आहे. पण तो तिकडे गेला की त्या तीन तासांत साठ-सत्तर हजार लोकांचं शहर उघडं असतं. जवळच्या साखर कारखान्याचा किंवा एमआयडीसीचा बंब मदतीला येतो हे खरं. तो येईपर्यंतचा वेळ कोणी मोजलेला नसतो.

याखेरीज बंब हेलिपॅडवर मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी उभा राहतो. विसर्जनाला घाटावर उभा राहतो. कधी रस्ते धुतो, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालतो, टंचाईत वस्तीवर पाणी पोचवतो. हेलिपॅड आणि घाट समजू शकतो. रोपांना पाणी घालायला टँकर आहे. बंबाला त्या कामावर पाठवणाऱ्याने त्या तासाभरात शहराचं संरक्षण काढून घेतलेलं असतं, आणि हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. मी आज सांगतो आहे.

घरातली आगही पूर्वीची राहिलेली नाही. अमेरिकेत अंडररायटर्स लॅबोरेटरीज नावाची एक जुनी चाचणी संस्था आहे. तिने दोन खोल्या सजवल्या. एकीत लाकूड, सूत, लोकर अशा जुन्या पद्धतीचं सामान. दुसरीत फोमचे सोफे, पॉलिस्टरचे पडदे, प्लॅस्टिक. दोन्हींना सारखीच लहानशी आग लावली. नव्या सामानाची खोली चार मिनिटांच्या आत संपूर्ण पेटली. जुन्या सामानाच्या खोलीला एकोणतीस मिनिटांहून जास्त लागली. आपल्या बैठकीच्या खोल्यांत आज काय असतं ते आपण जाणता. दिवाण आणि सतरंजी गेली, फोमचा सोफा आला, भिंतीला पीव्हीसीचं पॅनल आलं, खाली चार्जिंगला लावलेली स्कूटर आली. बंब दहा मिनिटांनी सुरू होतो की तीन, याला पूर्वी जितका अर्थ होता त्याच्या कितीतरी पट आज आहे. सकाळी धक्का मारून सुरू होणारी गाडी आजोबांच्या काळात चालून गेली असती. आज ती चालणार नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली वास्तू, शंभर वर्षांहून जुनी, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. कोल्हापूरला महापालिका आहे, तिचं अग्निशमन दल आहे, एकाहून अधिक गाड्या आहेत. तरीही ते रंगमंदिर वाचलं नाही. आपण ज्या सभागृहात आत्ता बसलो आहोत त्याची तुळई सागवानी आहे आणि मागच्या खोलीत ग्रंथालयाची हस्तलिखितं आहेत. आपल्या पेठेतले निम्मे वाडे लाकडी आहेत. मी कोणाला घाबरवत नाही. एक बंब म्हणजे किती थोडं संरक्षण आहे, आणि तोही धडधाकट नसेल तर काय उरतं, एवढंच दाखवतो आहे.

आता या प्रश्नावर सभागृहात मांडले जाणारे तीन पक्ष. पहिला म्हणतो, दुरुस्त करा. इंजिन उतरवा, पंपाला नवा इंपेलर घाला, टाकी नवी बसवा. दहा-बारा लाखांत गाडी आणखी दहा वर्षं जाईल. यांत्रिकदृष्ट्या हे म्हणणं चुकीचं नाही, आणि माझ्यातला शिक्षक त्याच्या बाजूने झुकतो. चांगल्या बांधणीचा पंप वीस-पंचवीस वर्षं जगतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेची शिफारसही अशीच आहे: पंधरा वर्षांनंतर गाडी पहिल्या फळीतून काढून राखीव ठेवा आणि पंचवीस वर्षांनंतर निवृत्त करा. म्हणजे पंधरा ते पंचवीस या काळात ती दुसरी गाडी म्हणून उपयोगी पडते. आपल्या नियमाने हा मधला टप्पाच ठेवलेला नाही. हे मला चूक वाटतं. राज्याने आणि नगरपरिषदांच्या संघटनांनी केंद्राकडे बंबांसाठी स्वतंत्र तरतूद मागावी: दर वर्षी पंपाची आणि वाहनाची चाचणी, आणि उत्तीर्ण गाडीला राखीव म्हणून ठराविक वर्षांची मुदतवाढ. पण तशी तरतूद होईपर्यंत, नोंदणी संपलेल्या गाडीवर बारा लाख घालणं म्हणजे रस्त्यावर काढता न येणाऱ्या वस्तूवर खर्च करणं. ती गाडी वर्दीवर जाताना कोणाला धडकली तर विमा कंपनी कोणत्या तोंडाने पैसे देईल? आणि चालवणाऱ्या चालकाचं काय होईल? त्याच्यावर हा भार आपण टाकता कामा नये.

दुसरा पक्ष म्हणतो, अनुदान येऊ द्या. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली होती. ४ जुलै २०२३ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने त्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात २५ टक्के वाटा स्वतःचा घालायचा. योजना चांगली आहे आणि तिचा पाठपुरावा मुख्याधिकाऱ्यांनी केलाच पाहिजे. तरी एक गोष्ट विचारात घ्या. घटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात अग्निशमन सेवा हे सातव्या क्रमांकाचं काम आहे, नगरांचं काम म्हणून. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ मध्ये आग विझवणं आणि आगीत जीवित-वित्ताचं रक्षण करणं हे नगरपरिषदेच्या बंधनकारक कर्तव्यांत आहे, ऐच्छिक कर्तव्यांत नाही. आणि आपल्या घरपट्टीच्या बिलावर, वृक्षकराच्या शेजारी, अग्निशमन कर छापलेला असतो. आपण तो भरतो. तो पैसा कुठे गेला, हे विचारण्याचा आपला हक्क आहे. त्यातून काही रक्कम बाजूला का पडली नाही, हे विचारण्याचा तर त्याहून अधिक.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मूळ हेच आहे. पंधरा वर्षांपूर्वी बंब आला त्या दिवशी नारळ फुटला, फोटो निघाले. त्याच दिवशी हेही ठाऊक होतं की हा बंब एक दिवस जाणार. हिशेबाच्या वहीत त्याचा घसारा दर वर्षी लिहिला गेला असेल, पण लिहिलेला घसारा म्हणजे बँकेत पडलेला पैसा नव्हे. उदाहरणादाखल नवी गाडी पाऊण कोटीची धरू. पंधरा वर्षांत विभागले तर वर्षाला पाच लाख. साठ हजार लोकांच्या गावात माणशी साधारण सव्वाआठ रुपये, वर्षाला. महागाई धरून दहा करा, पंधरा करा. एका वडापावच्या किमतीत माणसामागे वर्षाचं काम होतं. दर वर्षीच्या अंदाजपत्रकात ही रक्कम स्वतंत्र खात्यात गेली असती, तर आज ही सभा अनुदानाच्या दारात उभी नसती. नवा बंब ज्या दिवशी येईल त्या दिवसापासून हे खातं उघडा. त्या खात्याला हात लावायला दोन-तृतीयांश बहुमत लागेल असा ठराव करा. पुढची सभा तो बदलू शकेल हे मला माहीत आहे. पण बदलताना तिला लोकांसमोर हात वर करावे लागतील.

तिसरा पक्ष म्हणतो, घ्यायचा तर मोठा घ्या. मोठी टाकी, मोठी शिडी, मोठं इंजिन. शेजारच्या शहराने घेतला तसा. या पक्षाला मी कळकळीने विनंती करतो की आधी फूटपट्टी घेऊन पेठेत जा. राष्ट्रीय इमारत संहिता बंबाच्या मार्गासाठी सहा मीटर रुंदी मागते. आपल्या जुन्या पेठेत, आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजीवाल्यांच्या ओट्यांमधून, दोन्ही कडेला लावलेल्या मोटारसायकलींमधून सहा फूट मोकळे सापडले तरी नशीब. मोठा बंब चौकात अडकेल आणि जवानांना शंभर मीटर होज ओढत पळावं लागेल. आपल्यासारख्या गावाला दोन गाड्यांचा विचार करावा लागेल: एक साडेचार हजार लिटरची, आणि एक छोट्या चासीवरची, चारशे-पाचशे लिटर पाणी आणि उच्च दाबाचा पंप असलेली. उच्च दाबाच्या होज रीलमधून पाणी धुक्यासारखं बारीक होऊन जातं. मिनिटाला सव्वाशे लिटरच्या आसपास लागतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे सतराशे पट फुगतं आणि आगीतली उष्णता ओढून घेतं. पाणी जितकं बारीक तितकी वाफ लवकर. छोट्या गाडीचं पाणी तीन-चार मिनिटंच पुरेल, पण एका खोलीची आग एका खोलीत थोपवायला बहुधा तेवढं पुरतं. मोठी गाडी मागून येते. मला निवड करायला सांगितली आणि पैसा तुटपुंजा असला, तर मी महागडी शिडी सोडीन आणि ही छोटी गाडी घेईन.

नव्या गाडीबद्दल आणखी एक सावधगिरी. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-सहा इंजिनाचीच नवी वाहनं नोंदवली जातात. हवेसाठी ते चांगलं आहे. पण या डिझेल इंजिनांच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. इंजिन तासन्तास उभं चाललं की फिल्टर तुंबतो, आणि इंजिनाचा संगणक ताकद कमी करतो. भर आगीत पंपाचा दाब पडणं म्हणजे काय, हे होज धरून आत गेलेल्या माणसाला विचारा. म्हणून निविदेच्या अटींत हे लिहून घ्या की पंप चालू असताना इंजिनाने आपण होऊन ताकद कमी करू नये, काजळी जाळण्याची प्रक्रिया चालकाला हाताने सुरू करता यावी, आणि चासीवाल्याचा व बॉडी बांधणाऱ्याचा तंत्रज्ञ वर्षातून दोनदा इथे येऊन तपासणी करेल. जुनं इंजिन आपला बाजारपेठेतला मेस्त्री पाना घेऊन दुरुस्त करत होता. नव्याला लॅपटॉप लागतो. हा फरक कागदावर आधी आला नाही तर गाडी वर्षातले दोन महिने जिल्ह्याच्या गावी वर्कशॉपमध्ये उभी राहील.

आणि माणसं. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन नावाचं जहाज पेटलं. पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं. दुपारभर मुंबईच्या अग्निशमन दलाचे जवान त्यात पाणी मारत होते. चार वाजून काही मिनिटांनी जहाज फुटलं आणि ६६ जवान गेले. त्यांच्यासाठी आपण आजही १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. ते ज्या धैर्याने उभे राहिले त्याबद्दल बोलताना माझा आवाज भरून येतो, आणि म्हणूनच आपल्या केंद्रावरचं चित्र मला सहन होत नाही. एका पाळीला चालक-यंत्रचालक आणि दोन फायरमन. त्यातले काही ठेकेदाराकडचे, पगार उशिरा. धुरात शिरायचं तर श्वसनयंत्राचे संच लागतात. आत शिरताना जोडीने शिरावं, आणि बाहेर दुसरी जोडी तयार असावी, हा साधा नियम आहे. दोन फायरमन असलेल्या पाळीला तो पाळता येत नाही. मग ते काय करतात? ते एकटे आत जातात, कारण आतून कोणाचं तरी मूल ओरडत असतं.

पाऊण कोटीची गाडी आणि तीन माणसांची पाळी हा व्यवहार मला मान्य नाही. नव्या गाडीचा ठराव करताना पाळीला किमान पाच प्रशिक्षित माणसं, मंजूर पदांवर, हे त्याच ठरावात आलं पाहिजे. राज्याच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्राचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. आपल्या गावातल्या मुलांना नगरपरिषदेने शिष्यवृत्ती देऊन तिथे पाठवावं. यंत्रचालकाला वेगळं शिक्षण लागतं. पंपाचे तीन-चार काटे वाचून तो आत असलेल्या माणसांचा जीव सांभाळत असतो. चौथ्या मजल्यावर पाणी चढवायला सव्वा किलोच्या आसपास दाब नुसता उंचीलाच जातो, होजच्या लांबीचा तोटा वेगळा. हे गणित त्याला रात्री तीन वाजता, झोपेतून उठून, करता आलं पाहिजे.

तर बंब बदलावा का? होय, बदलावा. लवकर बदलावा. निविदा, चासी, बॉडी, तपासणी, नोंदणी या सगळ्यात सहज वर्ष-दीड वर्ष जातं, म्हणून जुन्या गाडीची मुदत संपण्याआधी दोन वर्षं प्रक्रिया सुरू झालेली असली पाहिजे. ज्या गावांची मुदत आधीच संपली आहे, त्यांनी मधल्या काळासाठी शेजारच्या नगरपरिषदेशी आणि कारखान्याशी लेखी करार करावा: कोणाला फोन करायचा, किती मिनिटांत गाडी निघेल, डिझेल कोणाचं. तोंडी आश्वासनावर गाव सोडू नये. नवा बंब येऊन त्याच्या पंपाची चाचणी होईपर्यंत त्या कराराला मुदत द्यावी.

चाचणीबद्दल माझी एक सूचना आहे आणि ती मुख्याधिकाऱ्यांनी मनावर घ्यावी. दर वर्षी १४ एप्रिलच्या आठवड्यात, नदीच्या घाटावर, सगळ्या गावासमोर बंबाची परीक्षा व्हावी. टाकीवरची फवारणी नको. सक्शन होज नदीत सोडावा, पाण्याची पातळी पंपाखाली किती मीटर आहे ते मोजावं, प्रायमिंगला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून पाहावं. सात किलो दाबाला पाणी किती येतं ते मोजावं. पंप सलग दोन तास चालवावा आणि इंजिनाचं तापमान दर पंधरा मिनिटांनी फळ्यावर लिहावं. केंद्रातून निघाल्यापासून पेठेच्या टोकाला पहिलं पाणी पडेपर्यंत किती वेळ लागला, तोही लिहावा. किलोमीटर, तास, वर्षभरातल्या वर्द्या, त्यातल्या हद्दीबाहेरच्या किती, निघायला झालेला उशीर, पाळीवर असलेली माणसं आणि असायला हवी होती ती माणसं, नव्या बंबासाठीच्या स्वतंत्र खात्यात जमलेली रक्कम: हे सगळं त्या फळ्यावर यावं आणि मग नगरपरिषदेच्या दारावर वर्षभर लागलेलं असावं. शाळांनी आठवी-नववीची मुलं आणावीत. पॉलिटेक्निकच्या मुलांकडे मोजमापाचं काम द्यावं. दाबमापक आणि प्रवाहमापक लावून द्यायला, माझी तब्येत साथ देईल तोवर, मी स्वतः येईन.